फेनवे पार्कमध्ये पहिल्यांदा जाताय? आधी खुर्चीचं तोंड बघा

बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल मैदानाचं माझं पहिलं तिकीट होतं ‘ग्रँडस्टँड, सेक्शन ५’चं. ग्रँडस्टँड म्हटल्यावर मी हरखलोच. वानखेडेवर गरवारे पॅव्हेलियनचं तिकीट हाती लागावं तसं वाटलं, शिवाय स्वस्तात. जाऊन बसलो तर खुर्चीचं तोंड आउटफिल्डकडे, सगळा खेळ डाव्या खांद्याच्या पलीकडे आणि पिचरच्या (म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या) न् माझ्या मध्ये एक हिरवा लोखंडी खांब. अख्खा सामना मान डावीकडे वळवून, खांबाच्या कधी या अंगाने तर कधी त्या अंगाने डोकावत पाहिला. कोण जिंकलं ते शेजाऱ्याने सांगितलं. समोर अडथळा आहे असं तिकिटावर लिहिलेलंही होतं, मीच वाचलं नव्हतं.

त्यानंतर बॉस्टनला आलेले पाहुणे, नव्याने नोकरीला लागलेली मुलं, उन्हाळ्यात लेकीकडे राहायला आलेले आई-बाबा अशा बऱ्याच जणांना मी फेनवेला नेलं. आता तिकीट काढायच्या आधी फोन मलाच येतात. फोनवर जे सांगतो तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

१. खेळ मध्यभागी नसतो, कोपऱ्यात असतो

आपला गोंधळ होतो तो क्रिकेटच्या सवयीमुळे. क्रिकेटची खेळपट्टी मैदानाच्या मधोमध असते, त्यामुळे कुठेही बसा, खेळ साधारण समोरच आणि जवळपास तितक्याच अंतरावर. बेसबॉलचं मैदान म्हणजे उघडलेला पंखा. बॅटर उभा असतो पंख्याच्या मुठीपाशी, तिला म्हणतात होम प्लेट. पिचर तिथून साडेसाठ फुटांवर. दहातल्या आठ गोष्टी या मुठीच्या आसपास घडतात. बॅटरने धावत गाठायचे टप्पे म्हणजे बेस: पंख्याच्या उजव्या काठावर फर्स्ट बेस, डाव्या काठावर थर्ड बेस आणि पुढे पसरलेलं हिरवंगार आउटफिल्ड.

म्हणजे आउटफिल्डच्या बाजूला बसलेला माणूस ‘मैदानाच्या अगदी जवळ’ असूनही खेळापासून लांब असू शकतो. तिकीट विकणाऱ्या पानावर ‘मैदानापासून बारावी रांग’ असं दिसलं की आपण भुलतो. बारावी रांग खरी, पण मैदानाच्या कुठल्या भागापासून?

त्यात फेनवे जुनं. २० एप्रिल १९१२ रोजी, टायटॅनिक बुडाल्यानंतर पाच दिवसांनी, इथे पहिला मोठा सामना झाला. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतलं आज वापरात असलेलं हे सर्वांत जुनं मैदान. शिकागोचं रिग्ली फील्ड त्याच्यानंतरचं, १९१४ चं. आताची स्टेडियमं बांधताना लांबच्या कोपऱ्यातल्या खुर्च्याही होम प्लेटकडे वळवून बसवतात. फेनवेच्या उजव्या बाजूच्या खुर्च्या मात्र मैदानाच्या कडेला समांतर बसवल्या आहेत, होम प्लेट कुठे आहे याचा विचार न करता. एकंदर जागाच शहरातल्या रस्त्यांच्या बेचक्यात सापडलेली. डावीकडे लॅन्सडाउन स्ट्रीट इतका खेटून आहे की मैदानाला तिकडे वाढायला वावच नव्हता. म्हणून फेनवे असं वाकडंतिकडं आहे. त्याची मजाही त्यातच आहे, फक्त आपली खुर्ची वाकडी नको.

२. सेक्शनचा नंबर वाचायला शिका

ग्रँडस्टँडचे सेक्शन १ ते ३३. एक नंबर उजव्या कोपऱ्यात, तिथून आकडे वाढत होम प्लेटकडे येतात. साधारण २० च्या आसपास तुम्ही बॅटरच्या बरोब्बर मागे असता, आणि पुढे ३३ पर्यंत डाव्या कोपऱ्यात पोचता. त्यानंतर सेंटर फील्डपासून उजवीकडे ३४ ते ४३ हे ब्लीचर्स, म्हणजे आउटफिल्डच्या मागची उघडी गॅलरी.

एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं. १८ ते २२ म्हणजे बॅटरच्या पाठीमागे. १४ ते १७ फर्स्ट बेसच्या बाजूला, पुढ्यात रेड सॉक्सचा, म्हणजे बॉस्टनच्या संघाचा, डगआउट (खेळाडूंची बसायची खोलगट जागा). २४ ते २७ थर्ड बेसच्या बाजूला, तिथून पाहुण्या संघाचा डगआउट जवळ आणि आपले खेळाडू समोर बसलेले दिसतात. ज्यांना आवडत्या खेळाडूचा चेहरा बघायचाय त्यांनी हे ध्यानात घ्यावं: आपल्या डगआउटच्या वर बसलात तर खेळाडूंच्या टोप्याच दिसतील.

आणि १ ते १० मधलं तिकीट स्वस्त दिसलं, की ते स्वस्त का आहे हे आता तुम्हाला माहीत आहे. १ कडे जाल तसतशी मान जास्त वळते. नऊ-दहापर्यंत आलात तर चालवून घेता येतं.

ग्रँडस्टँडच्या पुढे, मैदानाकडे, आणखी दोन थर आहेत: मध्ये लॉज बॉक्स आणि सगळ्यांत पुढे फील्ड बॉक्स. यांच्यावर छप्पर नाही, पुढ्यात खांबही नाहीत आणि भाव अर्थातच चढे. फेनवेत रेषेबाहेरची मोकळी जागा फार कमी असल्याने या रांगा खेळाडूंच्या अगदी अंगावर येतात, बॅटरचं पुटपुटणंही ऐकू येतं. मात्र लॉज बॉक्सच्या पुढून एक आडवी वाट जाते. त्या वाटेलगतच्या पहिल्या दोन-तीन रांगा टाळा. पॉपकॉर्न, बिअर, शौचालय, सेल्फी अशा नाना कारणांनी माणसं सतत पुढून जात राहतात आणि नेमका कुणी बेस चोरताना (चेंडू मारलेला नसतानाच पुढच्या बेसकडे पळताना) तुमच्यासमोर कुणाची तरी पाठ येते. सात-आठ रांगा मागे सरकलात तर भावही थोडा उतरतो आणि वाहत्या डोक्यांच्या वरून नीट दिसतं. पैसे एकदाच खर्च करायचे असतील तर थर्ड बेसच्या बाजूचा, मधल्या रांगांमधला लॉज बॉक्स घ्या, असं मी डोळे मिटून सांगतो.

३. खांब

ग्रँडस्टँडचं छप्पर लोखंडी खांबांनी तोललेलं आहे आणि हे खांब प्रेक्षकांच्या मधूनच उठतात. खांबाचं गणित साधं आहे: जितका जवळ तितका जाड. दहा रांगा पुढे असलेला खांब म्हणजे काठी. दोन रांगा पुढे असलेला तोच खांब म्हणजे भिंत.

पण खांब आहे एवढ्यावरून तिकीट नाकारू नका. तो काय झाकतो ते महत्त्वाचं. खांबाआड डाव्या आउटफिल्डचा एक तुकडा जात असेल तर पाचव्या मिनिटाला विसरून जाल. पिचर किंवा होम प्लेट जात असेल तर सामना रेडिओवर ऐकल्यासारखा होईल. आणि हे सेक्शन-रांगेवरून कळत नाही, खुर्चीचा नंबर लागतो. एकाच रांगेत ७ नंबरला पिचर दिसत नाही आणि ९ नंबरला सगळं लख्ख दिसतं, असं होतं.

म्हणून तिकीट काढताना हा क्रम ठेवा. आधी ‘दृष्टीला अडथळा’ असा शेरा आहे का ते पाहा. क्लबकडून थेट घेतलेल्या तिकिटावर तो असतो. तिकीट दुसऱ्याकडून, म्हणजे फेरविक्रीतून घेत असाल तर तो शेरा तळाशी बारीक अक्षरांत दडलेला असू शकतो. मग त्या सेक्शनमधून लोकांनी काढलेले फोटो शोधा. फेनवेच्या बहुतेक कोपऱ्यांतले मिळतात. सेक्शन आणि रांग जुळली तरी फोटो काढणाऱ्याची खुर्ची कुठली होती ते वाचा. एवढं करून शंका उरलीच तर रांगेतली टोकाची, वाटेकडची खुर्ची घ्या. निदान अंग बाहेर काढून बघता येतं.

छपराबद्दल अजून एक. ग्रँडस्टँडच्या अगदी शेवटच्या रांगांत पाऊस लागत नाही, सावली असते, पण उंच उडालेला चेंडू छपराआड गायब होतो. सगळे आ वासून वर बघतात आणि तुम्ही त्यांच्याकडे बघता. मधल्या रांगा बऱ्या.

तिथल्या निळ्या लाकडी खुर्च्या १९३४ च्या नूतनीकरणापासूनच्या आहेत. फोटोत सुरेख दिसतात, बसायला अरुंद आणि गुडघ्यांना कठीण. सहा फुटी माणसाने, गुडघेदुखी असलेल्या काकूंनी किंवा मांडीवर मूल घेऊन बसणाऱ्यांनी इथेही वाटेकडचीच खुर्ची बघावी. व्हीलचेअरसाठी वेगळ्या जागा आहेत, त्या तिकीट खिडकीशी बोलूनच घ्या.

४. सूर्य कुठे असेल?

होम प्लेट मैदानाच्या नैऋत्य कोपऱ्यात आहे आणि बॅटर ईशान्येकडे तोंड करून उभा असतो. म्हणजे दुपार उतरली की सूर्य थर्ड बेसच्या गॅलरीमागे जातो. त्या बाजूला सावली आधी येते. उजव्या आउटफिल्डच्या ब्लीचर्समध्ये बसलेल्यांच्या मात्र थेट डोळ्यांत ऊन. जुलैतल्या दुपारच्या सामन्याला आई-बाबांना ब्लीचर्समध्ये बसवलंत तर घरी जाऊन बोलणी खाल, आणि ती रास्त असतील. संध्याकाळचा सामना साधारण पावणेसात-सातला सुरू होतो. तेव्हाही पहिला तासभर तिकडे टोपी आणि काळा चष्मा लागतोच.

एप्रिल-मे मध्ये उलटं. मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला बॉस्टनचा एप्रिल म्हणजे थट्टा वाटते. दिवसा छान ऊन आणि सूर्य कलला की दात वाजायला लागतात. त्या दिवसांत उन्हातली खुर्चीच सुखाची. छपराखाली गारवा मुरतो आणि वारा आरपार जातो. शाल, कानटोपी, हातमोजे न्याच. कुणी हसत नाही.

एप्रिलमधल्या तिसऱ्या सोमवारी, पेट्रियट्स डेला, फेनवेत सकाळी अकराच्या सुमारास सामना असतो आणि त्याच दिवशी बॉस्टन मॅरेथॉन जवळच्या केनमोर स्क्वेअरमधून धावत जाते. सामना संपवून बाहेर पडा आणि धावणाऱ्यांना टाळ्या द्या. गर्दीची भीती नसेल तर याच्याइतका झकास दिवस नाही.

५. तुम्ही कशासाठी जाताय?

हा प्रश्न मी फोनवर सगळ्यांत आधी विचारतो, पण वरचं कळल्याशिवाय त्याचं उत्तर उपयोगाचं नसतं.

खेळ समजून घ्यायचाय, पहिलीच वेळ आहे: होम प्लेटच्या मागे, १८ ते २२, खांब टाळून. चेंडू आत वळला की बाहेर, वेगाचा होता की फसवा, हे इथूनच कळतं. फिरकी बघायला आपण साइटस्क्रीनच्या मागे जागा शोधतो तशातलंच. समोर जाळी असते, तिची काळजी नको. दोन मिनिटांत डोळे तिच्यातून आरपार बघायला शिकतात. जाळी दोन्ही डगआउटच्या पुढपर्यंत आहे. तिच्यापलीकडे बसलात आणि सोबत लहान मूल असेल तर चेंडू खेळात असताना फोन खाली ठेवा. फाउल चेंडू (पंख्याच्या काठाबाहेर उडालेला) गोळीसारखा येतो. हाती लागला तर तो तुमचाच, परत द्यायचा नसतो.

पैसे कमी आहेत पण मजा हवीय: ब्लीचर्स, सेक्शन ३५ ते ३७, वरच्या रांगा. टीव्हीवर पिचरच्या पाठीमागून जे दृश्य दिसतं, ते सेंटर फील्डमधल्या कॅमेऱ्याचं असतं. तोच कोन तुम्हाला मिळतो, फक्त चारशे फुटांवरून. दुर्बीण न्या. खुर्ची सरळ खेळाकडे तोंड करून आहे, खांब नाही, आणि आसपासची मंडळी सर्वांत बोलकी. मला विचाराल तर सेक्शन ५ च्या ‘ग्रँडस्टँड’पेक्षा ब्लीचर्स कितीतरी चांगले. दिवसाच्या सामन्यांना सेंटर फील्डमधला ब्लीचर्सचा एक तुकडा काळ्या कापडाने झाकलेला दिसेल. पांढऱ्या शर्टांच्या गर्दीत बॅटरला पांढरा चेंडू दिसेनासा होऊ नये म्हणून.

ब्लीचर्समध्ये सेक्शन ४२, रांग ३७, खुर्ची २१ शोधा. हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात ही एकटीच लाल आहे. ९ जून १९४६ रोजी रेड सॉक्सचा गाजलेला बॅटर टेड विल्यम्स याने मारलेला चेंडू ५०२ फूट, म्हणजे दीडशे मीटरहून जास्त लांब, इथे येऊन एका प्रेक्षकाच्या गवती टोपीवर आदळला. या मैदानातला हा सर्वांत लांब होम रन (आपल्या षटकारासारखा थेट सीमेपार फटका) मानतात. त्या खुर्चीत बसून होम प्लेटकडे पाहिलं की आकडा पोटात जाणवतो. दारं उघडल्या उघडल्या गेलात तर फोटो काढता येतो. खुर्चीचा त्या दिवसाचा मालक आला की उठायचं.

आता ग्रीन मॉन्स्टर. फेनवेला गेलेला प्रत्येक जण डावीकडच्या त्या ३७ फुटी हिरव्या भिंतीबद्दल बोलतो. लॅन्सडाउन स्ट्रीट जवळ असल्यामुळे डावी कड होम प्लेटपासून जेमतेम ३१० फुटांवर. अंतर कमी, म्हणून भिंत उंच. ती आधी लाकडी होती, १९३४ मध्ये पत्र्याची झाली. त्यानंतर बरीच वर्षं तिच्यावर जाहिराती होत्या, हिरवा रंग लागला तो १९४७ मध्ये. पायथ्याशी हाताने पाट्या बदलायचा धावफलक आजही चालतो. आत माणसं बसून आकडे लावतात. फलकावरच्या उभ्या पांढऱ्या पट्ट्यांत जुने मालक टॉम आणि जीन यॉकी यांची आद्याक्षरं मोर्स कोडमध्ये रंगवलेली आहेत. पूर्वी भिंतीच्या माथ्यावर जाळं होतं, रस्त्यापलीकडच्या काचा वाचवायला. २००३ मध्ये ते काढून तिथे खुर्च्या बसवल्या, एम १ ते एम १० असे सेक्शन.

त्या खुर्च्या महाग आहेत आणि बहुतेकदा सोडतीने जातात. मिळाल्या तर घ्याव्यात का? एकदा, जरूर. उंच स्टूल, पुढे फळी, खाली अख्खं मैदान आणि एखादा चेंडू थेट तुमच्या दिशेने चढत येतो तेव्हाचा तो सेकंद. पण मागच्या रांगेतून भिंतीच्या अगदी पायथ्याशी काय चाललंय ते दिसत नाही, आणि चेंडू भिंतीवर आपटून उसळतो ही फेनवेची खासियत तर नेमकी तिथेच घडते. भिंतीवर बसून भिंत दिसत नाही. तिचा खेळ बघायचा तर समोरच्या, म्हणजे फर्स्ट बेसच्या बाजूला बसा. १४-१५ सेक्शनमधून भिंत पूर्ण दिसते आणि तिच्या वर सिटगो या पेट्रोल कंपनीची लाल-पांढरी पाटीही.

६. तिकीट केव्हा आणि कसं काढायचं

भाव सामन्यागणिक बदलतात. न्यू यॉर्क यँकीज हे कट्टर प्रतिस्पर्धी आले, किंवा जुलै-ऑगस्टमधला शनिवार असला, की तेच तिकीट दुप्पट-तिप्पट होतं. एप्रिल-मे मधला मंगळवार-बुधवार, समोर फारसा गाजलेला संघ नाही, असा दिवस पकडा. घरच्या मैदानावर हंगामात ८१ सामने होतात, त्यामुळे संधी भरपूर. मे २००३ ते एप्रिल २०१३ या काळात इथे नियमित हंगामातले सलग ७९४ सामने हाउसफुल्ल गेले होते. त्या काळातल्या गोष्टी ऐकवून कुणी घाबरवलं तर घाबरू नका.

फेरविक्रीतली तिकिटं सामन्याच्या दिवशी दुपारनंतर अनेकदा उतरतात. एकटे-दुकटे असाल तर थांबायला हरकत नाही. सहा जणांचं कुटुंब आणि सोबत आजी असतील तर थांबू नका, सलग सहा खुर्च्या शेवटच्या क्षणी मिळत नाहीत. भावांची तुलना करताना शेवटच्या पानावरची, सगळी शुल्कं धरून झालेली रक्कम बघा. उभं राहून बघायची तिकिटंही असतात. तरण्याताठ्यांनी ती घेऊन दारं उघडताच होम प्लेटमागच्या ग्रँडस्टँडच्या पाठीमागची जागा धरावी. खुर्ची नाही, पण तोंड बरोबर दिशेला.

२०२३ पासून पिचरला चेंडू टाकायला घड्याळाची मुदत लागल्याने सामना साधारण पावणेतीन तासांत आटोपतो. उभं राहणं पूर्वीइतकं जिवावर येत नाही.

७. त्या दिवशी

गाडी नेऊ नका, पार्किंगचे दर ऐकून खेळाची चव जाते. ग्रीन लाइन या शहरातल्या मेट्रोने केनमोरला उतरा. बी, सी आणि डी गाड्या तिथे थांबतात, ई थांबत नाही. तिकीट फोनवर असतं, तेव्हा फोन चार्ज करून न्या. मोठ्या पिशव्या आत सोडत नाहीत. मापं आणि नियम निघण्याआधी क्लबच्या पानावर बघा. शाकाहारी मंडळींनी शेंगदाणे, पॉपकॉर्न, प्रेट्झेल, फ्राइज आणि आइस्क्रीम यांवर भागवायची तयारी ठेवावी.

तासभर आधी पोचा आणि आपल्या खुर्चीत बसण्यापूर्वी एक फेरी मारा. उजव्या कोपऱ्यातला पेस्कीचा खांब (मैदानाची उजवी कड दाखवणारा) होम प्लेटपासून अवघ्या ३०२ फुटांवर आहे आणि त्याच्यावर लोकांनी सह्या केलेल्या आहेत. फेरी मारताना पुढच्या वेळी कुठे बसायचं तेही ठरतं. नऊ डावांपैकी आठव्या डावाच्या मध्यावर अख्खं मैदान उभं राहून एक ठरलेलं गाणं गातं. शब्द येत नसले तरी चालतं, दोन ओळींनंतर येतात.

आणि सेक्शन ५ चं तिकीट आधीच काढून बसला असाल तर

तर परत विकायची धडपड करू नका, तोटाच होईल. पहिले दोन-तीन डाव खुर्चीत काढा, पण सरळ बसू नका. अख्खं अंगच डावीकडे वळवा, म्हणजे मानेवर ताण येत नाही. नुसती मान वळवून बसलात तर दुसऱ्या दिवशी माझ्यासारखं होईल: ऑफिसात उजवीकडून कुणी हाक मारली की खुर्चीसकट वळावं लागत होतं. मधल्या डावांत पाय मोकळे करायला उठा आणि मागच्या वाटेने होम प्लेटच्या दिशेने चालत जा. वाटेत उभं राहू देतात तिथे थोडा वेळ थांबा. कर्मचारी हटकेपर्यंत एखाद-दोन बॅटर बघून होतात. हटकलं की हसून पुढे सरका. दुसऱ्याच्या रिकाम्या खुर्चीत मात्र बसू नका, तो माणूस नेमका दोन बिअर हातात घेऊन परत येतो.